करतो की अर्ज

अलाबामातल्या एका कॉलेजात सलग चार सामने हरलेल्या फुटबॉल कोच लॅमारला क्रीडासंचालक वेंडेलने भर हंगामात हाकललं. पण करार वेंडेलच्याच सहीचा होता: काढून टाकलं तर लॅमारला दुसरी नोकरी मिळेपर्यंत, जास्तीत जास्त तीन वर्षं, कॉलेजने पगार द्यायचा, लॅमारने फक्त मनापासून नोकरी शोधायची.

दुसऱ्याच आठवड्यात वकिलांसमोर वेंडेल टेबलावर हात आपटत कडाडला, "शोधतोय म्हणे! अरे, तळ्यावर गळ टाकून बसलायस तू, आणि आम्ही तुला फुकट पोसायचं? सोमवारपर्यंत एक तरी अर्ज केल्याचं दाखव, नाहीतर एक डॉलर मिळणार नाही."

"ओरडू नकोस, बीपी वाढेल," लॅमार म्हणाला. "करतो की अर्ज."

सोमवारी वेंडेलने नव्या कोचच्या जागेसाठी आलेले अर्ज काढले. सगळ्यात वर लॅमारचा होता. शिफारसपत्र म्हणून त्याने, हकालपट्टीच्या दिवशी वेंडेलनेच रीतीप्रमाणे पेपरवाल्यांना दिलेलं गोडगोड निवेदन जोडलं होतं. त्यातल्या एका वाक्याखाली लाल रेघ मारलेली होती:



"लॅमारसारखा सच्चा कोच या कॉलेजला शोधूनही सापडणार नाही."