पहिलं गिऱ्हाईक

सोमवारी नवा पूल सुरू झाला आणि जुन्या आग्रा रोडवरची रंगनाथची खानावळ बंद पडली. तसं काही झालंच नाही असं धरून मंगळवारी त्याने चुलीवर पिठलं चढवलं.

आजोबांपासूनचा नियम होता, पहिलं गिऱ्हाईक जेवल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही. दुपारचे चार वाजले, गाड्या डोक्यावरून जात राहिल्या आणि म्हाताऱ्या आईला घेरी येऊ लागली.

तेव्हा रंगनाथ मागच्या दाराने बाहेर पडला आणि पिशवी घेऊन पुढच्या दाराने आत आला.

"या पाहुणे. कुठून आलात?" बायकोने गंभीरपणे विचारलं.

"इंदूरहून. जेवायला आहे का काही?"

कांदा न मागता मिळाला. नवरा म्हणून कधी मिळाला नव्हता. तो जेवला, मग घरच्यांनी ताटं घेतली.

"परत या हं," आई म्हणाली.

"आता कसलं येणं? पूल झालाय ना," तो पाहुण्याच्या सुरात बोलून गेला.

सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

संध्याकाळी त्याने अर्ज लिहिला: "मा. कार्यकारी अभियंता यांस, दररोज किमान एक भुकेली गाडी रस्ता चुकून पुलाखाली येईल अशी व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती."