बसून दिलेला हुकूम

टेबलावरच्या पेटीतून होनाईचा आवाज आला. "लेकरांनो, आता भटकंती पुरे. कालव्याकाठच्या वसाहतीत घरं घ्या."

होनाई म्हणजे तांड्याची सातवी भगतीण. तिच्या शब्दावर तांडा तीन वाळवंटं ओलांडून जगला होता. ती मरण्याआधी वसाहत खात्याने तिच्या साऱ्या आठवणी या पेटीत उतरवून घेतल्या होत्या. आवाज ऐकून म्हातारी माणसं रडू लागली.

आठवी भगतीण धुरपी मात्र ढिम्म. "दातारसाहेब, आमच्यात बसून बोललेलं समोरच्याचं मन राखायला असतं. भगत हुकूम देतो तो चालताना."

खात्याचे दातारसाहेब हसले. "अहो, पेटीला पाय कुठून आणू?"

"आमच्या गाढवाला चार आहेत."

धुरपीने पेटी उचलून गाढवाच्या पाठीवर आवळली आणि दोर धरून माळाकडे निघाली. "सरकारी माल आहे तो," म्हणत दातार मागे धावले. विसाव्या पावलाला पेटी बोलली. आवाज तोच होता, पण आता त्याला धार होती.

"धुरपे, मागे बघू नकोस. तांडा हलव."