आप्पांवर नजर

"मास्क लाव, पाण्यात शिर, काय हवं ते कर, पण लक्ष आप्पांवर," नवऱ्याने पुन्हा बजावलं. "आणि त्यांना कळता कामा नये."

"समजलं रे. मी काय दुधखुळी आहे?" तिने झोपलेल्या पिल्लूला त्याच्या खांद्यावर टाकलं आणि ते जागं व्हायच्या आत समुद्रकाठच्या कॉटेजबाहेर सटकली.

आप्पा, म्हणजे तिचे सासरे, पुढे निघाले होते. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी आणि बगलेत हवा भरलेली रबरी ट्यूब. हृदयाच्या ऑपरेशननंतरची त्यांची ही पहिलीच सुट्टी. फिरू द्या, पण एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी हळूच सांगितल्याचं नवरा म्हणत होता. आप्पांपाशी मात्र ते बोलायची सोय नव्हती. घरी त्यांच्यासाठी ठेवलेल्या नर्सला त्यांनी स्वतः चहा करून पाजला होता आणि गोड बोलून वाटेला लावलं होतं.

"माझ्यावर पहारा ठेवलात तर बॅग उचलून चालता होईन," हे त्यांनी निघतानाच सांगून टाकलं होतं. आणि आप्पा बोलले की करतात.

म्हणून तिला एकाएकी स्नॉर्केलिंगचं वेड लागलं होतं.

"ट्यूब कशाला, आप्पा?"

"बसायला. खडक टोचतो गं."

"पण पक्षी तर मागच्या झाडीत आहेत म्हणे."

"झाडीतले पक्षी काय, कुणीही बघेल. खरी मजा पाणपक्ष्यांची. तू कुठं पोहणार?"

"इथंच. खडकाजवळ."

"हां, इथंच बरं. लांब नको जाऊ. पक्षी बिचकतात."

ती मनात हसली. सावज आपल्या पायांनी पिंजऱ्यात येऊन बसलं होतं.

तिने नळी तोंडात धरली आणि पाण्यात चेहरा घातला. एकदम सगळं गप्प झालं. रडणं नाही, फोन नाही, "अगं, ते कुठं ठेवलंयस?" नाही. फक्त स्वतःचा श्वास, आत, बाहेर. पिल्लू झाल्यापासून तिचा पदर कुणी ओढत नाहीये, असं पहिल्यांदाच होत होतं. निळे इवलेसे मासे तिच्या बोटांपाशी आले, वास घेतल्यासारखे थबकले आणि भुर्रकन पसार झाले.

मग कामाची आठवण झाली. तिने डोकं वर काढलं. आप्पा जागेवर होते, दुर्बीण डोळ्याला.

"काय दिसलं?" ती ओरडली.

"शू! उडेल ना!"

जेवणाच्या टेबलावर दोघांची चढाओढ लागायची. तिने पट्ट्यापट्ट्यांचे मासे सांगितले की आप्पा खंड्या सांगायचे, कुरव सांगायचे.

"खंड्या कालही होता की, आप्पा."

"त्याचा भाऊ असेल. तू तुझे मासे बघ."

पिल्लूच्या तोंडात चमचा घालता घालता नवरा मिशीत हसायचा. आप्पांना भूक लागू लागली होती. वाळूची चढण ते धाप न लागता चढत होते. तिलाही दुपारी आडवं पडल्या पडल्या झोप लागत होती. हे नजर ठेवायचं काम काही वाईट नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र घोटाळा झाला. तिला कासव दिसलं. चांगलं परातीएवढं, पंख हलवल्यासारखं निवांत पोहणारं. त्याच्या मागे मागे ती खडकाला वळसा घालून गेली. आप्पा, डॉक्टर, नवरा, सगळं विसरली. भानावर येऊन परतली, तर खडक रिकामा.



"आप्पा!"

आप्पा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. अंगात शर्ट, डोक्यावर टोपी, हातात ट्यूब आणि चेहरा पांढराफटक.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"दुखतंय कसलं! पाय भिजवायला आलो."

"शर्टासकट?"

"उकडत होतं." मग ते एकदम खेकसले, "आणि तू कुठं होतीस इतका वेळ?"

"कासव होतं, आप्पा..."

"कासवबिसव काही नको. चल बाहेर."

ती निघाली. एका कासवापायी केवढा बट्ट्याबोळ झाला असता! शिवाय आप्पांचा तो रागाचा सूर. त्यांना संशय आला असणार. कॉटेजवर येताच ते तडक आत गेले. नंतर त्यांच्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, तेव्हा तर तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

संध्याकाळी पिल्लूला झोपवून ती व्हरांड्याच्या दाराशी आली. नवऱ्याला सगळं कबूल करावं, आप्पांची माफी मागावी, असं ठरवून. बाहेर आप्पा दबक्या आवाजात त्याच्याशी बोलत होते.

"हे पहाऱ्याचं नाटक आता बस झालं."

तिचा हात दारावरच थांबला. कळलं. सगळं कळलं त्यांना.

"म्हणे, बाळंतपणानंतर पाण्यात हिच्या पायांना गोळे येतात, हिला कळू न देता लक्ष ठेवा! अरे, मासोळीसारखी पोहते ती. उद्या निघायच्या आधी खडकावर तू बस, आल्यापासून मला साधा बगळासुद्धा धड बघता आलेला नाही."