गच्चीवरची रिकामी खुर्ची

ऑनलाइन फोटोग्राफीच्या वर्गात मी पहिला आलो. तसं काही झालंच नाही, असं समजून पुढे वाचा.

पास झालो तरच हर्षालीताईच्या लग्नाचे फोटो मी काढणार होतो.

गृहपाठ रिकाम्या खुर्चीचा होता. फोटो ओझरला आमच्या गच्चीवर भर दुपारी काढला. फोटोत खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते, हात गुडघ्यांवर.

आई फोटो बघून म्हणाली, "अरे, पाहुण्यांना पाणी तरी विचारलंस का?"

मी तांब्या नेऊन ठेवला. पुढच्या फोटोत तो त्यांच्या हातात होता.

परीक्षेच्या फोटोत मात्र खुर्ची खरंच रिकामी आली. व्हिडिओ कॉलवर सर म्हणाले, "शाब्बास, पहिला नंबर! तुझ्या खांद्यावर हात ठेवलाय, ते वडील का?"

वडील कामावर होते.

तरी लग्नापूर्वी संबंधितांना सदर हात काढून घेण्याचे आदेश द्यावेत, ही नम्र विनंती.