किल्लेदाराची माफी

बँकेतली नोकरी सोडून राजनंदिनी खराडीच्या एका कंपनीत व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहायला लागली, तेव्हापासून बाबा तिच्याशी आईमार्फतच बोलत. "तिला म्हणावं, जेवून घे," इतकंच.

तिच्या नव्या गेममध्ये एक हट्टी किल्लेदार होता. त्याचं न ऐकता मुलगी घोडदळात गेली, म्हणून तो रुसलेला. खेळणाऱ्याने ती मुलगी व्हायचं आणि हळूहळू बापाचं मन वळवायचं.

रविवारी जेवणं झाल्यावर बाबा तिच्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसले आणि आईला म्हणाले, "तिला म्हणावं, तो गेम लाव."

संध्याकाळपर्यंत ते खेळत होते. शेवटी किल्लेदार मुलीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलो मी, पोरी."

"हे काही पटत नाही," बाबा म्हणाले. आई स्वयंपाकघरात होती. राजनंदिनी जपून जवळ सरकली.

"काय पटत नाही, बाबा?"

"असा माणूस इतक्या लवकर माफी मागत नाही."

"मग किती वेळ देऊ त्याला?"

बाबांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"अजून थोडा दे. वाटेवर आहे तो."