दहा पाठवले, बारा आले

"आले का?" शेडमधून आत येत रेइनोने विचारलं. बुटांवरचा बर्फ त्याने दाराशीच झटकला.

"आले. दहा पाठवले, बारा परत." इर्माने फोन पुढे केला.

"मूर्ख व्यापारी आहे तुझा मुलगा," न बघताच तो म्हणाला आणि सूप वाढून घेऊ लागला.

चांगलं झालं तर पोरगा त्याचा, चुकलं की इर्माचा. तीस वर्षांची खोड.

कॅनडातल्या थंडर बे गावच्या कागद गिरणीत बापाने खटपट करून लावलेली नोकरी एस्कोने सोडली आणि तो क्रिप्टोच्या नादी लागला. त्या हिवाळ्यात त्याने आईलाही टेस्ट नेटवर्कवर सौदे शिकवले. नाणी फुकटची, सराव मात्र खऱ्यासारखा. "बुडालीस तरी कोरडीच राहशील गं," तो हसायचा. स्वयंपाकघरात समोरासमोर बसून मायलेक एकमेकांनाच नाणी विकायचे.

मग एकदा बाप कडाडला, "खोट्या पैशावर जगायचंय तर माझ्या छपराखाली नको!" पोरगा निघून गेला. नंबरही बदलला. दुसऱ्या दिवशी रेइनोने त्याची खोली रिकामी केली, खोकी शेडमध्ये टाकली आणि विषय संपवला.

आईचा कुठला संपायला? महिन्याभराने तिने एस्कोच्या त्या नेटवर्कवरच्या जुन्या पाकिटात दहा नाणी पाठवली, सहज. आठवडाभर काही नाही. आठव्या दिवशी बारा परत आली. पोरगं आईला जिंकू देत होतं! ती चुलीपाशी उभी राहून मनसोक्त रडली.

तेव्हापासून तीन वर्षं रोज हेच. "कुठे आहेस, जेवतोस का नीट," असं लिहावंसं तिला फार वाटे. पण विचारायला जावं आणि हेही बंद पडावं, तर? फक्त फेब्रुवारीत चार दिवस नाणी आली नाहीत. नेमका तेव्हाच रेइनो हर्नियासाठी इस्पितळात. तिला दुहेरी घोर लागला होता.

आणि आता नोटीस आली होती. हे टेस्ट नेटवर्क शुक्रवारी बंद. जुनी झाली की अशी नेटवर्कं बंदच करतात. नव्यावर कसं जायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि एस्को तिथे येईल कशावरून?

"रेइनो, शोध रे त्याला. तू बोलावलंस तर येईल तो."

"मी?" त्याने चमचा खाली ठेवला. सूप अर्धं टाकून तो शेडकडे गेला.

"दगडाला पाझर फुटेल, तुला नाही!" ती त्याच्या पाठीवर ओरडली.

शुक्रवारी तिने दहाऐवजी शंभर नाणी पाठवून दिली. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. रेइनोनेही विचारलं नाही. तिचा जीव नुसता तुटत होता.

जेवणाच्या वेळी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"आई?"

"एस्को! अरे राजा! शंभर मिळाले ना रे तुला?"

"कसले शंभर?"

"नाणी रे! तू रोज बारा पाठवायचास ना..."

"आई, ते पाकीट मी घर सोडल्यापासून उघडलेलंच नाही. पासवर्डचा कागदसुद्धा खोलीतच राहिला. काल बाबांचा फोन आला होता. माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. रडत होते गं. म्हणाले, उद्यापासून मला तुझं सोंग घेता येणार नाही, आता तूच बोल तिच्याशी."