पहिली लढाई

नॉटिंगहॅमच्या एका क्लबात टेबलावर चिमुकल्या सैनिकांच्या लढाया खेळत, पण न रंगवलेले सैनिक टेबलावर उतरवायचे नाहीत, असा दंडकच होता. म्हणून डंकननं आपली बोटभर उंचीची प्लॅस्टिकची फौज तीन वर्षं भिंगाखाली धरून रंगवली. अगदी कोटाच्या बटणांसकट.

"केवढे पैसे ओतलेस या खेळण्यांत! एकदा तरी लढ की रे," बायको हिलरी टोमणा मारायची.

शनिवारी तो पहिली लढाई खेळायला क्लबात पोचला, तर समोरचा गडी रॉडनी चाचरत म्हणाला, "फौज देखणी झालीय लेका. पण आजच नियमांचं नवं पुस्तक आलंय. तुझी फौज खेळातूनच काढून टाकलीय."

डंकननं आपले सैनिक एकेक करून पुन्हा खोक्यात ठेवले.


"बरं," शेवटी तो म्हणाला, "नवी केवढ्याला पडेल?"